डाव्या हातावरची धार

सोलापूरच्या मंगळवार पेठेत माझं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, कड्या, करवती, रंधे, पटाश्या, जे मागाल ते. नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं बघितली, भांडखोर बघितली, चिकट बघितली, उगाच सावलीला येऊन बसणारी बघितली. कुणाला मी भ्यालो नाही. पण दुपारी दोनच्या सुमाराला पायरीवर छत्री टेकवल्याचा आवाज आला, की मी हिशेबाची वही मिटून ठेवायचो. मास्तर आले, म्हणजे दिवेलागणीपर्यंतची दुपार गेली, हे ठरलेलं.

मास्तर म्हणजे शाळेतल्या सकाळच्या सुतारकामाच्या वर्गाचे मास्तर. जातीनं सुतार, मूळचे करकंबचे, अंगानं शेवग्याची शेंग. कोटाच्या आतल्या खिशात रुमालात गुंडाळलेला काचेचा एक चौकोनी तुकडा कायम असायचा. दुसऱ्या खिशात पानसुपारी. सुपारी ते पाऊण इंची जुन्या पटाशीनं, लाकूड तासायच्या सपाट छिन्नीनं, कातरायचे. घरात अडकित्ता होता, पण त्याला धार नाही असं त्यांचं म्हणणं होतं.

"अप्पा, नवीन पेटी आली म्हनं."

आता ही पेटी सकाळीच मालधक्क्यावरून आलेली, मी ती पोत्यांमागं दडवलेली. ह्या माणसाला बातमी कोण देतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी नाइलाजानं पेटी काढायचो. एका पेटीत बारा विलायती पटाश्या, तेलकट कागदात गुंडाळलेल्या. मास्तर कोट काढून बाही वर सारायचे, बाराच्या बारा ओळीनं मांडायचे, आणि मग माझ्या दुकानात जणू वधूपरीक्षा सुरू व्हायची.

दुसरं गिऱ्हाईक पटाशी घेतं म्हणजे काय करतं? तोंड बघतं, अंगठा लावतं, घासाघीस करतं आणि जातं. मास्तर तोंडाकडं बघायचेसुद्धा नाहीत. काचेवर पटाशीची पाठ टेकवायची, दाराच्या उजेडाला धरायची आणि खालून उजेड दिसतो का बघायचं. "ही कुबडी हाय." बाजूला. "ही पोटात घेती." बाजूला. राहतील त्यांना दोरा बांधून लोंबकळत धरायचं, नखानं टिचकी मारायची आणि कान लावून ऐकायचं. मग माझीच कानस मागून कोपऱ्यावर हळूच ओढायची. कानस चावली तर लोखंड मऊ, नुसती घसरली तर बरं. मुठीकडं तर बघायचेच नाहीत. कारखान्याची मूठ घरी जाऊन काढायची आणि बाभळीची घालायची, हा त्यांचा नेम.

"पटाशी पाठीवर निवडायची, अप्पा. तोंडाचं काय, तोंड रोज नवं घासता येतंय. पाठ जल्माची असती."

एवढं करून बारातली एक घ्यायचे. कधी तीही नाही. "फुडच्या पेटीला बघू" म्हणून छत्री उचलायचे. आणि माझी पंचाईत पुढंच असायची. दुकानातली बाकीची सुतारमंडळी हा सोहळा बघत उभी असायची. ती म्हणायची, मास्तरांनी टाकलेली नको. मी एकदा हुशारी केली. टाकलेल्या अकराही पटाश्या 'मास्तरांनी निवडलेल्या' म्हणून खपवायला काढल्या. चार दिवसांत मास्तर दारात. रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "अप्पा, येपार हाय, खोटं बोला, माझं काय म्हननं न्हाई. पर कुबड्या पटाशीवर माझं नाव घालू नका." त्यानंतर मी तो उद्योग केला नाही.

वर्गातसुद्धा हाच तऱ्हेवाईकपणा. पहिले तीन महिने लाकडाला हात लावू द्यायचे नाहीत. नुसतं निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, पटाशी घासायची, पाठ आरशासारखी झाली पाहिजे. एकदा पुण्याहून तपासणीला साहेब आले. त्यांनी विचारलं, "वर्गात काय काय तयार झालं?" मास्तर म्हणाले, "धार." साहेबांना वाटलं, माणूस लाजतो आहे. "खुर्ची, स्टूल, काहीतरी दाखवा." मास्तर म्हणाले, "खुर्ची फुडल्या साली. औंदा धार." साहेबांनी वहीत काय लिहिलं देव जाणे, पण मास्तरांची बढती कधी झाली नाही, एवढं खरं.

आणि हत्यार कुणाला द्यायचे नाहीत. तसं कुठलाच सुतार देत नाही, पण मास्तरांची पद्धत निराळी होती. ते नाही म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "पटाशी जाईल तितं मी." एकदा साखर पेठेतला एक तेलुगू विणकर आला. मागाची चौकट मोडली होती, खाच नव्यानं पाडायची म्हणून त्याला किकरं हवं होतं. किकरं म्हणजे जाड पाठीची अरुंद पटाशी, खोल खाचेसाठी. मास्तर किकऱ्याबरोबर गेले ते तीन दिवस रोज जात राहिले. चौकट झाली, मग धोटा सरळ जात नाही म्हणून ते बघितलं, मग शेजाऱ्याचा माग बघितला. वर्ग बुडाला, हेडमास्तरांनी खुलासा मागितला. मास्तरांनी खुलाशात लिहिलं की हत्यार एकटं सोडणं बरं नव्हे. येताना विणकराच्या बायकोनं वहिनींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, एक लुगडं दिलं, त्यामुळं घरी तरी बोलणी बसली नाहीत.

आता मूळ गोष्टीवर येतो. मास्तरांचा डावा हात.

धार झाली की नाही, हे सुतार कसं बघतो? आपल्या हातावर. पटाशी डाव्या मनगटाशी आडवी टेकवायची आणि कोपराकडं हळूच सरकवायची. केस अल्लद निघून आले तर धार झाली. चिरडले, ओढले गेले, तर परत निसण्यावर. बाकीचे सुतार आठवड्यातून एखाद्या वेळी चार केस काढतील. मास्तर दिवसातून दहा वेळा. वीस-पंचवीस वर्षं. त्यांचा उजवा हात अस्वलाचा आणि डावा मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत, पांढुरका, मधूनच चकाकणारा. आम्हाला त्याची इतकी सवय होती, की त्यात बघण्यासारखं काही आहे, हे कधी ध्यानात आलं नाही.

मास्तरांना एकच मुलगी, यमू. गुणी पोर, चेहऱ्यावर आईचं हसू. सतरावं संपत आलं होतं आणि वहिनींच्या जिवाला घोर लागला होता. दोन स्थळं मास्तरांनीच घालवली होती. एकाच्या घरातलं दार कुरकुरतं म्हणून, आणि दुसऱ्याचा बाप बोलता बोलता पटाशीनं खिळा उपसत होता म्हणून. वहिनींनी तेव्हा दोन दिवस चूल पेटवली नाही.

मग कुर्डुवाडीचं स्थळ आलं. पांचाळ सुतारच, पण सुधारलेले. मुलाचे वडील रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क, मुलगा तारखात्यात. मुलगा चांगला होता. यमूला तो आवडल्याचं वहिनींनी माझ्या घरात येऊन सांगितलं, म्हणजे खरंच आवडला असणार. पाहुणे सकाळच्या गाडीनं आले, मुलगी बघितली, चुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली, चहा घेतला. सगळं यथास्थित झालं.

दुपारी परतीच्या गाडीआधी हेडक्लार्क एकटेच माझ्या दुकानात आले. तेव्हाची रीत तशीच होती, मुलीकडची चौकशी पेठेतल्या दुकानदाराकडं करायची. टोपी मांडीवर ठेवून ते बसले. घर कसं, माणसं कशी, सगळं विचारून झालं. मग आवाज खाली आला.

"त्यांच्या डाव्या हाताला काय झालंय?"

"कुठं काय झालंय?"

"केस नाहीत. कातडी पांढरी पडली आहे. रक्तदोष तर नाही ना?"

त्या काळी महारोगाचं नावसुद्धा कुणी उघड घ्यायचं नाही, रक्तदोष म्हणायचे. आणि एकदा तो शब्द घरावर चिकटला, की त्या घरातली मुलगी जन्मभर तशीच राहायची. आजारी माणसाचे हाल तर विचारूच नका, गावाबाहेर काढायचे बिचाऱ्याला. पण मी मूर्ख, मला आधी हसू आलं. हसत हसतच धारेची हकिगत सांगितली. हेडक्लार्क काही हसले नाहीत.

"आम्हीही सुतारच आहोत," ते म्हणाले, "आमच्या घरात असं कधी बघितलं नाही."

तुमच्या घरात पटाशी तरी आहे का, असं माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. मुलीचं लग्न होतं ना.

"तुम्ही त्यांचे स्नेही," ते पुढं म्हणाले, "तुम्ही सांभाळूनच घेणार. मी एक करतो. दोन महिन्यांनी पुन्हा येतो. रोगाच्या जागी केस उगवत नाहीत म्हणतात. उगवलेले दिसले तर त्याच बैठकीत तारीख धरू. नाही दिसले तर पत्रिका जुळली नाही म्हणून कळवू, म्हणजे तुमचीही अब्रू राहील." माणूस वाईट नव्हता. पण कचेरीत बसून बसून प्रत्येक गोष्टीला मुदत लावायची सवय झालेली.

मास्तरांना मीच सांगितलं. ते आधी खदाखदा हसले. मग हसणं थांबलं आणि हाताकडं बघत बसले. वहिनी दारातून म्हणाल्या, "हसा की आजून. पोरीच्या जल्माचं वाटुळं झालं तरी हसा." यमू आत भांडी घासत होती, तिनं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मास्तर म्हणाले, "दोन म्हैनं व्हय? ऱ्हातो दोन म्हैनं."

आणि माझे दोन महिने सुरू झाले. धार तर रोज लावायची, मग बघायची कशावर? मी सुचवलं, कागदावर बघा. "कागूद काय कुनीबी कापतंय." नखावर बघा. "नखाला कळतंय, हाताला कळत न्हाई." सांगायचं तात्पर्य, रोज दुपारी छत्री टेकायची, आणि "अप्पा, जरा हात" असं म्हणत मास्तर माझी बाही वर सारायचे. पहिला डावा झाला, मग उजवा. मग माझ्या हमालाचे दोन्ही. पंधरा दिवसांत माझे हात असे झाले, की आमची अव्वा, म्हणजे माझी आई, मला बघून देवाला नवस बोलली, आणि एका जुन्या गिऱ्हाइकानं सुटे पैसे माझ्या हातात न देता फळीवर ठेवले. मी मास्तरांना म्हटलं, "तुमचा रोग जाऊन मला लागला की हो." ते म्हणाले, "तुमच्या पोरींची लग्नं झालीत."

तिकडं त्यांच्या हाताची मशागत चाललेली. वहिनी रोज सकाळी खोबरेल चोळायच्या, दर सोमवारी एरंडेल. पहिल्या महिन्यात बारीक लव आली. दुसऱ्यात चांगले काळे केस दिसायला लागले. मास्तर काटकोनाचा गुण्या लावून त्यांची लांबी मोजायचे आणि येऊन मला सांगायचे. यमू बापाच्या हाताकडं चोरून बघायची आणि हसायची. ते हसू बघून मला वाटायचं, गेले माझे केस तरी चालेल.

ठरलेला दिवस उजाडला. उन्हाळा ऐन भरात होता. मी सकाळी आठलाच मास्तरांच्या घरी गेलो, तर वहिनी उंबऱ्यात कपाळाला हात लावून बसलेल्या. यमूचे डोळे लाल. मागच्या पडवीत मास्तर निसण्यापुढं बसलेले, बाही वर, आणि हात लखलखीत.

मी तो हात धरून उजेडाकडं वळवला. "मास्तर, काय केलंत हे?"

"मनाला चैन पडंना म्हून पटाशी घासाय घेतली, एक इंची. धार लागली न् हात आपसूक गेला. कळलंबी न्हाई."

"किती गेले?"

"समदे." खाली मान घालून म्हणाले, "पोरीचं लगीन मोडलं मी, अप्पा." सबंध आयुष्यात ह्या माणसाचा आवाज असा मी ऐकला नव्हता. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याहून जास्त दया आली होती.

गाडी आलेली असणार, वेळ नव्हता. मी त्यांना बंद गळ्याचा लांब बाह्यांचा कोट घालायला लावला आणि बजावलं, आकाश कोसळलं तरी काढू नका. आजारपण सांगू, ताप आहे म्हणू.

पाहुणे टांग्यातून उतरले. ह्या खेपेला हेडक्लार्कांबरोबर त्यांचे वडील होते, आबा. ऐंशीच्या घरातले, डोळ्यांत मोतीबिंदू. सोलापूरला डोळे दाखवायला आणले होते, म्हणून इकडंही आणलं. त्यांना भिंतीशी टेकवून बसवलं. यमूनं सुशीलेच्या बश्या आणल्या. मास्तर घामानं निथळत होते. हेडक्लार्कांनी त्यांच्याकडं बघितलं, रुमालानं आपलं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "मास्तर, उकाडा फार आहे. कोट काढा की."

मी तापाचं सांगायला तोंड उघडलं, तोवर मास्तरांनी कोट काढलेलाही होता. बाही वर सारून हात पुढं केला. "सकाळी पटाशी लावली. चूक झाली. पर मी न्हाई ते दाखवनार न्हाई."

हेडक्लार्क बघत राहिले. मग त्यांनी टोपी घातली. मोठ्या सभ्यपणानं म्हणाले, "आम्ही पत्रिका पुन्हा एकदा बघतो. आबा, चला, अकराची गाडी आहे." आत वहिनींच्या हातातून काहीतरी पडलं.

हेडक्लार्कांच्या खांद्याला धरून आबा उठले. दाराशी आल्यावर थांबले. "काय लावली म्हनला त्यो?"

"काही नाही आबा, चला."

"पटाशी म्हनला. बगू हात."

मास्तर पुढं झाले. म्हाताऱ्यानं त्यांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताची बोटं हळूहळू कोपरापर्यंत नेली. मग उलटी खाली आणली. एक सणसणीत चिमटा काढला. मास्तर "अगं आई गं" म्हणाले. म्हातारा परत बोटं फिरवत राहिला आणि कोपराच्या जरा अलीकडं थांबला.

"कितीची?"

"एक इंची."

"विलायती?"

"व्हय."

"हितं दोन क्यास ऱ्हायलेत." म्हाताऱ्यानं ते दोन केस चिमटीत धरून दाखवले. "धार झाली, पर पाठ निसण्यावर फिरवायची ऱ्हायली. पटाशीचा कोपरा वडतोय तुजा."

मास्तरांनी खाली बघितलं आणि त्यांचं तोंड उतरलं. मुलीचं लग्न मोडत होतं, ते एकीकडं, पण पाठ राहिली हे त्यांना जास्त लागलं असं मला वाटलं. पुटपुटले, "सकाळपास्नं मन थाऱ्यावर न्हवतं."

म्हातारा हेडक्लार्कांकडं वळला. "दोन क्यास सोडून जाईल आसा रोग कंचा असतोय रं?"

"आबा, मला कसं कळणार? आपल्या घरात मी असं कधी..."

"कदी बगितलं न्हाईस?" म्हाताऱ्यानं आपल्या सदऱ्याची डावी बाही वर केली. त्या हातावर लांबलांब पांढरे केस होते. "चाळीस वर्सं हितं गवताचं पान न्हवतं. तुला नोकरी लागली, साहेबलोक घरी येतील म्हून तू माजी हत्यारं उचलून माळ्यावर टाकलीस. तवापास्नं ह्ये उगवलं. म्या म्हनलं, असंल. म्हातारपन म्हनत्यात त्ये ह्येच असंल." त्यानं तो हात मुलापुढं धरला. "तुजी आई गेली तवा तू दीड वर्साचा. दुसऱ्या कुनाकडं झोपायचा न्हाईस. ह्याच उगड्या हातावर डोस्कं ठेवून झोपायचास. इसरलास व्हय?"

मास्तर आत गेले. निसण्यावर चार हात फिरल्याचा आवाज आला, पाठ फिरवल्याचा. मग ती एक इंची घेऊन आले आणि म्हाताऱ्यापुढं बसले. म्हाताऱ्यानं हात लांब केला. मास्तरांनी मनगटाशी पटाशी टेकवली आणि कोपरापर्यंत नेली. कसला आवाज झाला नाही. पांढरे केस म्हाताऱ्याच्या धोतरावर पडत गेले. म्हातारा डोळे मिटून बसला होता आणि त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मलाही आलं, सांगायला लाज कसली.

"आता झाली," म्हातारा म्हणाला.

हेडक्लार्कांनी टोपी काढली. बापाशेजारी जमिनीवर बसले, खिशातला घडीचा रुमाल काढला आणि त्या उघड्या हातावर राहिलेले केस हळूहळू झटकायला लागले. बराच वेळ झटकत होते. मग मान वर न करता म्हणाले, "सूनबाई, आबांना पाणी द्या."